पाना कोणाकडे आहे? जव्हार-मोखाड्याच्या पाण्याची गोष्ट

या भागाची सुरुवात मी एका आवाजाने केली होती. ज्यांनी ऑडिओ ऐकलाय त्यांना तो आठवत असेल. जे इथे नुसतं वाचतायत त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, मग एक ठक्क, आणि मग काहीच नाही. पाण्याची धार नाही, बादलीचा खळखळाट नाही.

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या हातपंपाचा तो आवाज आहे. मे महिन्यात मी तिथे गेलो होतो. माझी एक मैत्रीण तिकडे आश्रमशाळेत शिकवते. ती म्हणाली होती, "तू इतिहासावर बोलतोस ना? मग एकदा इथला हातपंप बघायला ये." मला वाटलं गंमत करतेय. हातपंपात कसला आलाय इतिहास?

पंपाजवळ एक आजी उभ्या होत्या. मी दांडा दोनतीनदा हलवून पाहिला. त्या हसल्या. म्हणाल्या, "खाली पाणी आहे रे. आतली सळई तुटली आहे." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "बसवला तेव्हा नारळ फोडला होता. बंद पडला तेव्हा कोणी आलं नाही."

आजचा पूरा भाग या दोन वाक्यांवर आहे. जव्हार आणि मोखाड्यात पाणी आणायचे प्रयत्न एकदा नाही, अनेकदा झाले. विहिरी झाल्या, हातपंप झाले, नळयोजना झाल्या, संडास झाले. तरी उन्हाळ्यात टँकर येतोच. हे असं का होतं, ते आज समजून घेऊ.

पाऊस भरपूर, मग पाणी जातं कुठे?

आधी एक गैरसमज काढून टाकू. पाणीटंचाई म्हटलं की डोळ्यांसमोर भेगा पडलेली जमीन येते, मराठवाडा येतो. सोलापुरात वर्षाला साधारण पाचशे ते साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात त्याच्या चौपट-पाचपट, म्हणजे अडीच ते तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. पावसाळ्यात लोक दाभोसा धबधबा बघायला गाड्या भरून जातात. रील्स तुम्हीही पाहिले असतील. हिरवेगार डोंगर, ढग, आणि पाणीच पाणी.

तोच रस्ता एप्रिलमध्ये पकडा. डोंगर तपकिरी, ओढे कोरडे, आणि रस्त्याच्या कडेने डोक्यावर दोन-दोन हंडे घेतलेल्या बाया.

यामागे दगड आहे. इथला सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनलाय. काळा पाषाण, एकावर एक थर. या दगडात वाळूसारखं पाणी मुरत नाही. भेगा असतील, छिद्रांचा एखादा थर मध्ये असेल, तेवढंच पाणी आत साठतं. तो थर डोंगराच्या कुशीत जिथे उघडा पडतो, तिथे झरा लागतो. बाकीचा पाऊस चार महिन्यांत उतारावरून धावत सुटतो, आधी ओढ्यात, मग नदीत, मग समुद्रात. वैतरणा, पिंजाळ, वाघ या नद्या इथूनच वाहतात, पण त्या खोल दऱ्यांमधून. माणसं राहतात वर, जिथे थोडी सपाटी आहे, जिथे नागली-वरईची शेतं आहेत.

म्हणजे पाणी खाली आणि माणूस वर, हा इथला मूळ प्रश्न. त्यात एक गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. एका महसुली गावात पाच-सहा, कधी त्याहून जास्त पाडे असतात, एकमेकांपासून लांब, वेगवेगळ्या टेकड्यांवर. कागदावर 'गावात विहीर आहे' असं लिहिलेलं असतं. ते खरंही असतं. पण ती विहीर एका पाड्याजवळ असते. दुसऱ्या पाड्याला ती दोन डोंगर पलीकडे.

राजाचं जव्हार, साहेबाचा मोखाडा

थोडं मागे जाऊ. जव्हार हे संस्थान होतं. चौदाव्या शतकापासून मुकणे घराण्याची सत्ता, आणि हे घराणं महादेव कोळी. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. शेजारचा मोखाडा मात्र ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात होता, शहापूर तालुक्याचा एक पेटा. म्हणजे आज आपण ज्यांना एका दमात 'जव्हार-मोखाडा' म्हणतो, त्यांच्यावर तेव्हा दोन वेगळी सरकारं होती.

जव्हार शहरात १९१८ सालीच नगरपालिका आली. इतक्या लहान डोंगरी गावात, इतक्या लवकर! आजूबाजूच्या पाड्यांवर मात्र सरकार बदललं तरी पाणी भरायची पद्धत तीच राहिली. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या लोकांनी वस्ती करताना आधी झरा पाहिला. पाऊस संपला की झरा, तो आटला की ओढ्याच्या पात्रात खणलेला खड्डा. त्याला तिकडे झिरा म्हणतात. वाळू-गोटे बाजूला करायचे, हातभर खणायचं, आणि पाणी पाझरून वर यायची वाट बघत बसायचं. मग वाटीने किंवा तांब्याने हळूहळू हंडा भरायचा, गढूळ होऊ नये म्हणून अगदी अलगद.

हे मी जुन्या काळाचं म्हणून सांगत नाहीये. मी गेलो त्या पाड्यावर पंप बंद पडल्यापासून बाया पुन्हा झिऱ्यावरच जात होत्या. पहाटे चारला, कारण रात्रभरात पाझरलेलं पाणी जो आधी पोचेल त्याचं. माझ्या मैत्रिणीने सांगितलं की एप्रिल लागला की मुलींची हजेरी घटते. आई मजुरीला गेली की पाण्याची पाळी मुलीची.

झिऱ्याचं पाणी दिसायला स्वच्छ असतं. पण तो उघडा असतो. गुरं तिथेच पितात, पहिल्या पावसात डोंगरावरची सगळी घाण तिथेच उतरते. हा धागा धरून ठेवा, पुढे लागेल.

मुंबईचं पाणी उत्तरेकडे सरकत गेलं

आता मुंबईकडे वळू, कारण ही गोष्ट मुंबईशिवाय पूर्ण होत नाही.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईसुद्धा विहिरी आणि तलावांवर जगत होती. माणसं वाढली, विहिरी पुरेनात, पटकी म्हणजे कॉलरा यायचा आणि माणसं पटापट मरायची. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरने दाखवून दिलं होतं की कॉलरा हवेतून नाही, पाण्यातून पसरतो. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका सार्वजनिक पंपाच्या आसपास मृत्यूंचा गठ्ठा होता. त्या पंपाचा दांडा काढायला लावला, ती गोष्ट प्रसिद्ध आहे. मोठ्या शहरांना पाणी लांबून आणावं लागणार, हे त्याच काळात स्पष्ट होत गेलं.

मुंबईने काय केलं? १८६० मध्ये विहार तलाव. १८७९ मध्ये तुळशी. १८९२ मध्ये तानसा. १९५७ मध्ये वैतरणेवरचा मोडकसागर, ज्याला मुंबई महापालिकेचे अभियंता ना. वि. मोडक यांचं नाव आहे. १९७३ मध्ये अप्पर वैतरणा, तिकडे इगतपुरीच्या बाजूला. १९८०च्या दशकात भातसा. आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा, मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ. शंभर मीटरहून उंच भिंत. नकाशा उघडा आणि ही नावं क्रमाने जोडा. शहराची तहान हळूहळू उत्तरेला आणि पूर्वेला, डोंगराकडे सरकताना दिसेल.

आता फोनमधला कॅल्क्युलेटर काढा. मध्य वैतरणेतून मुंबईला दिवसाला ४५.५ कोटी लिटर पाणी मिळावं, अशी योजना आहे. २०११च्या जनगणनेत जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या होती साधारण सव्वादोन लाख. जलजीवन मिशनचा निकष आहे माणशी दिवसाला ५५ लिटर. गुणाकार केला तर दोन्ही तालुक्यांना दिवसाला लागतं सव्वा कोटी लिटरच्या आसपास. म्हणजे एका धरणाचं एका दिवसाचं पाणी या दोन तालुक्यांना महिनाभर पुरून उरेल.

इथपर्यंत ऐकलं की राग येतो. मलाही आला. पण नुसता राग आला तर आपण चुकीचं उत्तर काढतो. धरण दरीत आहे. तिथून मुंबईकडे पाणी मुख्यतः उताराने जातं, पृथ्वीच ते ओढून नेते. वरच्या पाड्याला तेच पाणी द्यायचं तर ते शेकडो फूट वर चढवावं लागतं. पंप लागतो, वीज लागते, पाईप लागतात, आणि तीसचाळीस घरांच्या वस्तीसाठी हे सगळं करायला पैसे लागतात. मुंबईने धरण बांधलं ते पाणीपट्टी भरणाऱ्या शहराच्या जोरावर. पाड्याच्या मागे असा जोर नाही.

आणखी एक फरक आहे, जो आपल्याला दिसत नाही. मुंबई महापालिकेत पाण्याचं वेगळं खातं आहे. माणसं पगारावर आहेत. पहाटे कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा हे ठरलेलं आहे आणि तो उघडायला माणूस येतो. मुंबईत त्याला चावीवाला म्हणतात. तुमच्या नळाला पाणी येतं ते धरणामुळे, हे खरं. पण ते रोज येतं ते चावीवाल्यामुळे. पाड्यावर धरण नाही, हे सगळे बोलतात. पाड्यावर चावीवालाही नाही, हे फारसं कोणी बोलत नाही.

हातपंपाची गोष्ट

आता येऊ त्या हातपंपाकडे, ज्याच्यासाठी मी गेलो होतो. आणि दोस्तांनो, त्यात खरंच इतिहास आहे. तोही आपल्या महाराष्ट्राचा.

१९६०च्या दशकात देशात मोठे दुष्काळ पडले. बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या दुष्काळानंतर १९६७ मध्ये युनिसेफने कठीण दगडात बोअर मारणारी यंत्रं भारतात आणली. मग आला महाराष्ट्रातला १९७२चा दुष्काळ. आजोबांना विचारा, ते अजून 'बहात्तरच्या दुष्काळात' असं म्हणूनच काळ मोजतात. दगडफोडीची कामं, सुकडी, आणि त्याच काळात उभी राहिलेली रोजगार हमी योजना. त्या वर्षांत बोअर मारायचा वेग प्रचंड वाढला. काळ्या पाषाणात शंभर-दोनशे फूट खाली जाऊन पाणी काढता येतं, हे गावांनी पहिल्यांदा पाहिलं.

पण बोअरवर बसवायचे काय? बाजारात मिळायचे ते ओतीव लोखंडाचे पंप. मूळ डिझाइन युरोप-अमेरिकेतल्या शेतावरच्या पंपाचं, म्हणजे एका कुटुंबाने दिवसातून थोडा वेळ वापरायचं. आपल्याकडे तोच पंप पूर्ण गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत हापसायचं. तो टिकणार कसा? सत्तरच्या दशकात पाहणी झाली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी बहुतेक बंद पडलेले आढळले. पैसे खर्च झाले होते, बोअरमध्ये पाणी होतं, आणि वर मोडका दांडा होता.

याचं उत्तर दिल्लीत सापडलं नाही, जालन्यात आणि सोलापुरात सापडलं. जालन्यात स्कॉटलंडच्या चर्चचं मिशन बोअरचं काम करायचं. तिथल्या कारागिरांनी ओतीव लोखंड सोडून पोलादाचा पंप बनवला. सोलापुरात स्वीडनहून आलेल्या ऑस्कर कार्लसन यांनी तो आणखी सुधारला. दांड्याच्या टोकाला एक कमान आणि तिच्यावर साखळी, म्हणजे दांडा कसाही हलवा, आतली सळई सरळच वरखाली होते आणि झिजत नाही. या सोलापूर पंपावरून भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासच्या कारखानदार-अभियंत्यांनी मिळून सत्तरच्या दशकाच्या शेवटी बनवला 'इंडिया मार्क टू'. तुम्ही गावी जो पंप हापसलाय तो बहुतेक हाच. त्याचं पेटंट घेतलं नाही, कोणीही बनवावा म्हणून. लाखोंनी बसले. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत आजही हाच पंप आहे. जालना-सोलापूरचं डोकं तिथपर्यंत पोचलंय, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं.

पण याच पंपात एक गोम होती. पाणी वर ओढणारा दट्ट्या जमिनीखाली खोल, पाईपच्या टोकाला असतो. त्याचा वॉशर झिजला किंवा सळई तुटली, तर पूर्ण पाईप बाहेर काढावा लागतो. शंभर फूट लोखंडी पाईप, तिवई लावून, एकेक तुकडा सोडवत. त्यासाठी गाडी हवी, अवजारं हवीत, तीनचार कसलेली माणसं हवीत. म्हणजे दुरुस्तीचं पथक तालुक्याहून येणार. पाड्याने अर्ज करायचा आणि वाट बघायची.

अभियंत्यांना ही अडचण कळली होती. म्हणून ऐंशीच्या दशकात 'मार्क थ्री' आला. त्यात बाहेरचा पाईप जाड केला, इतका की दट्ट्या पाईपमधूनच वर काढता येतो. पाईप जागेवरच राहतो. दोन माणसं, थोडे पाने, आणि गावातच दुरुस्ती. त्यामागचा विचार साधा होता. ज्याची तहान, त्याच्याच हातात पाना.

मंडळी, पन्नास वर्षांपूर्वीच लोकांना कळलं होतं की पंप बसवणं हे निम्मं काम आहे. आणि अजून मोखाड्यातल्या त्या आजी तालुक्याच्या गाडीची वाट बघतायत. पंप कोणत्या जातीचा आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं. पाना पाड्यावर नव्हता, एवढं त्यांना माहीत होतं.

१९९२-९३ आणि पाण्यातून येणारी भूक

आता थोडं जड बोलणार आहे.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात अनेक लहान मुलं दगावली. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट लावून धरली, सरकार हादरलं. मुंबईपासून चार तासांवर मुलं कुपोषणाने मरतायत, हे राज्याला तेव्हा कळलं. जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आलं ते त्यानंतर. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यामागेही जिल्ह्याचं ठिकाण या लोकांच्या जवळ यावं ही मागणी होतीच.

कुपोषण म्हटलं की आपण ताटाकडे बघतो. बघायलाच हवं. पण ताटाइतकंच हंड्याकडे बघायला हवं. घाण पाण्याने मुलाला जुलाब होतात. जुलाब झालेलं मूल खात नाही, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. वजन उतरतं, अंगातली ताकद जाते, मग पुढचा जुलाब आणखी लवकर येतो. असे पाचसहा फेरे झाले की साधा ताप किंवा न्यूमोनियासुद्धा जीव घेतो. कागदावर कारण न्यूमोनिया लिहिलं जातं. सुरुवात झिऱ्यापाशी झालेली असते.

जुलाबावर मीठ-साखर-पाण्याचा उपाय किती मोठा आहे हे १९७१ मध्ये बंगालमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महलनबीस यांनी दाखवलं. सलाइन संपलं होतं, म्हणून त्यांनी पाण्यात मिसळून प्यायला दिलं आणि हजारो जीव वाचले. आज आशाताईंच्या पिशवीत ओआरएसचं पाकीट असतं. पण ते पाकीट विरघळवायचं कशात? पाण्यातच. चांगल्या पाण्याचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

संडास, आणि त्याला लागणारे दोन हंडे

पाण्याबरोबर संडासाबद्दल बोलावंच लागेल. हसू नका. महाराष्ट्रात या विषयावर फार मोठ्या माणसांनी आयुष्य घातलंय.

कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन, जन्म १८९४, मृत्यू १९७१. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडासाचे प्रयोग केले. कोणा माणसाला दुसऱ्याचा मैला उचलायला लागू नये, आणि त्या मैल्याचं खत व्हावं, सोनखत, हा त्यांचा ध्यास. गोपुरी संडास त्यातूनच आला. आज सरकार जो दोन शोषखड्ड्यांचा संडास सांगतं, त्याच्यामागेही हाच विचार आहे. एक खड्डा भरला की त्याचं तोंड बंद करायचं, दुसरा सुरू करायचा. वर्ष-दीड वर्षाने पहिल्या खड्ड्यात वास नसलेलं, मातीसारखं खत तयार होतं. ना टाकी उपसायची, ना कोणाला आत उतरवायचं.

२००० नंतर संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने महाराष्ट्रात वारं फिरवलं. २०१४ मध्ये स्वच्छ भारत मिशन आलं, संडासासाठी बारा हजार रुपये मिळू लागले, आणि २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला.

मी गेलो त्या पाड्यावरही संडास होते. काहींमध्ये सरपण ठेवलेलं होतं, एकात कोंबड्या. आपण शहरातून जातो आणि म्हणतो, 'यांना सवयच नाही.' मी हे बोलणार होतो, तेवढ्यात मैत्रिणीने गणित करायला लावलं. पाच माणसांचं घर. संडासाला जाणं, धुणं, ओतणं धरून माणशी चार-पाच लिटर तरी. म्हणजे रोज वीस-पंचवीस लिटर, जवळजवळ दोन हंडे. झिरा अर्ध्या तासावर. हे दोन हंडे कोण आणणार? घरातली बाईच. म्हणजे तिच्या सोयीसाठी म्हणून बांधलेल्या संडासाने तिचीच एक फेरी वाढवली. तिने त्यात सरपण ठेवलं, यात न कळण्यासारखं काय आहे?

यावर थोडा उपाय आहे. जास्त उताराचं भांडं बसवलं तर दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. साध्या भांड्याला त्याच्या कितीतरी पट लागतं. ही माहिती गवंड्यालाच नसेल तर मालकाला कुठून असणार? आणि खड्डा कुठे घेतला हेही बघावं लागतं. काळ्या दगडाला भेगा असतात. विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा घेतला तर मैल्याचं पाणी त्या भेगांमधून थेट विहिरीत. म्हणजे स्वच्छतेसाठी केलेलं काम पिण्याच्या पाण्यात.

पाणी आणि संडास या सरकारी फायलीत दोन योजना असतात. पाड्यावर ती एकच गोष्ट असते.

मग चाललंय ते कुठे चाललंय?

सगळं वाईटच आहे असं नाही. जव्हारमध्ये १९७२ पासून काम करणारी प्रगती प्रतिष्ठान, मोखाड्यात काम करणारी आरोहण, अशा संस्थांनी आणि कितीतरी ग्रामपंचायतींनी बरंच काही उभं केलंय. जिथे झरा वस्तीच्या वर आहे तिथे झऱ्याला बंदिस्त चेंबर बांधायचं आणि पाईपने पाणी उताराने खाली आणायचं. वीज नाही, पंप नाही. जिथे पाणी खाली आहे तिथे सोलर पंप. डिझेल नको, बिल नको. वरच्या अंगाला चर, लहान बंधारे, म्हणजे फेब्रुवारीत आटणारा झरा आणखी थोडे दिवस चालतो.

हे काम जिथे टिकलंय तिथे कोणतं साम्य असतं, हे मी तिथल्या कार्यकर्त्यांना विचारत फिरलो. मला वाटलं होतं पाईपची कंपनी सांगतील, तंत्र सांगतील. बहुतेकांनी माणसांबद्दल सांगितलं. पाड्याची स्वतःची समिती आहे का, तिच्यात पाणी भरणाऱ्या बाया आहेत का की फक्त त्यांचे नवरे, महिन्याला घरटी काही रुपये जमतात का, आणि पाड्यातल्या एका तरी पोराला किंवा पोरीला नळ जोडता येतो का.

कायद्यात याची सोय आहे. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. विहिरीत टीसीएल पावडर टाकायला आणि पाणी तपासायला जलसुरक्षक असतो. हा अनुसूचित भाग आहे, म्हणून १९९६च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला जास्तीचे अधिकार आहेत. एखादा पाडा स्वतःचं वेगळं गाव म्हणून ओळख मागू शकतो. २०१९ पासूनच्या जलजीवन मिशनमध्येही योजना गावाने चालवायची, असंच लिहिलंय. कागदावर पाना गावाच्याच हातात आहे.

पण दिवाळीनंतर अर्धा पाडा भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर गेलेला असतो. समितीची सही कोण करणार? घरटी पैसे कोण देणार? लोक परत येतात ते उन्हाळ्यात, जेव्हा पाणी सगळ्यात कमी असतं. रोजगार गावात नसेल तर पाण्याची समितीही गावात राहत नाही. हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत.

निघताना मी आजींना विचारलं, "आजी, पंप दुरुस्त झाला तर पहिलं काय कराल?" मला वाटलं पाणी पिईन म्हणतील. त्या म्हणाल्या, "झोपेन. चारला उठायचं नाही."

पंधरा दिवसांनी मैत्रिणीचा मेसेज आला. गाडी आली नव्हती. पण शेजारच्या पाड्यावरचा एक मुलगा आला होता, त्याने कुठल्या तरी प्रशिक्षणात हे काम शिकलेलं. पाड्यातल्या लोकांनी दोर लावून पाईप वर काढले, सळई बदलली. मैत्रिणीने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. भागाच्या शेवटी तोच लावलाय. आधी तोच लोखंडाचा कर्रर्र, मग खाली काहीतरी गडगडल्यासारखं, आणि मग धार.

त्या मुलाकडून पाड्यातल्या दोघी मुली आता ते काम शिकतायत. पाने मात्र अजून त्याचेच आहेत, तो जाताना घेऊन गेला. पाड्याने वर्गणी काढून स्वतःचे घ्यायचं ठरवलंय.

तुम्ही गावी जाल तेव्हा एक काम करा. नळाला पाणी आहे का, हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, बिघडला तर उघडतो कोण, आणि पाना कोणाच्या घरी आहे. उत्तर आलं नाही, तर त्या गावाच्या पाण्याचं पुढे काय होणार हे तुम्हाला आत्ताच कळेल.

पुढच्या भागात भेटू. तोवर, पाणी जपून.